निव्वळ एक टन

ते साल एकोणीसशे अडुसष्ट. याबद्दल शंका नको, कारण त्याच वर्षी इमारतीत पहिला फ्रिज आला आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जिन्यात अडकला. तिसऱ्या मजल्यावरचे जकातकाका, म्हणजे जकात खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, यांनी तो घ्यायच्या आधी फ्रिजचं माप घेतलं होतं, स्वयंपाकघराचं घेतलं होतं, दाराचंही घेतलं होतं. जिन्याचं तेवढं राहिलं. फ्रिज वर जाईना की खाली येईना. शेवटी काकांनी घरातून वायर ओढून तो तिथेच सुरू केला, आणि इमारतीतली झाडून सगळी माणसं पोट आत घेऊन, अंग चोरून त्याच्या बाजूने जा-ये करू लागली. जाता-येता त्यात दूध ठेवू लागली ती वेगळीच.

आता फ्रिजचा आणि देशाच्या बटाटा-व्यापाराचा संबंध काय, असं कोणी विचारेल. संबंध आहे. त्या फ्रिजमुळे बटाट्याचं एकही पोतं तिसऱ्या मजल्यावर जाऊ शकलं नाही, आणि जे चार भिंतींच्या आत गुपचूप व्हायचं ते भर अंगणात, सगळ्या इमारतीच्या साक्षीने झालं.

काकांच्या समोरच्या बिऱ्हाडात बटाटेबाई राहत. हे नाव त्यांना आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, कार्यालयाने ठेवलं होतं. व्यापार आकडेवारी कार्यालयात त्या बटाटा शाखेच्या प्रमुख होत्या. शाखा म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि एक खिडकी. पण त्या काळी बाईमाणसाला प्रमुख म्हणून नुसतं स्टूल मिळालं तरी लोक बघायला येत, तिथे ही तर खिडकीशेजारची खुर्ची! देशातून किती बटाटा बाहेर गेला, बाहेरून किती आत आला, हे गोदीवरच्या कागदांवरून जुळवायचं आणि वार्षिक पुस्तकात छापायचं, हे त्यांचं काम. टेबलामागच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेला आलेख होता. निर्यातीची रेघ निळी, आयातीची लाल.

त्या दोन रेघा बाईंना पोटच्या पोरींसारख्या होत्या. शेजारच्या देशातल्या पिकावर करपा पडला त्या वर्षी निळी कशी टुणकन वर उडाली होती, आपल्याकडे थंडीने पीक गोठलं तेव्हा लाल कशी डोक्यावर चढून बसली होती, हे त्या कोणालाही सांगत. कोणी विचारत नसे ही गोष्ट निराळी. पुढे बरीच वर्षं लाल रेघ नुसत्या बियाण्याच्या बटाट्यावर जगली. मग सरकारने स्वतःचं बियाणं काढलं आणि लाल रेघ आडवी झाली. घरच्या पिकाला घरातच गिऱ्हाईक मिळालं आणि निळीही आडवी झाली. देश बटाट्याच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभा राहिला आणि बाईंच्या पायाखालची जमीन सरकली.

कारण कार्यालयाचा नियम असा होता की, निर्यातीतून आयात वजा करून जो ‘निव्वळ’ नावाचा रकाना भरतात, तो सलग तीन वर्षं शून्य राहिला, तर त्या मालाची शाखा बंद करायची आणि तो माल ‘इतर’मध्ये टाकायचा. दोन शून्यं होऊन गेली होती. तिसरं शून्य वर्षअखेरीला येऊन ठेपलं होतं.

मोठ्या साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. ते मऊ माणूस होते. वाईट बातमी द्यायची असली की आधी चहा मागवत. चहा पाहताच बाई समजल्या.

“शाखा बंद झाली तर तुमची बदली होईल,” साहेब बशीकडे बघत म्हणाले. “सीमेवरच्या नोंदणी ठाण्यात. हवा छान आहे म्हणतात.”

सीमेवरचं ठाणं म्हणजे अख्खा दिवस आणि वर एक रात्र बसचा प्रवास. नवरा इथे शाळेत भूगोलाचा मास्तर, लेक चौथीत, सासूबाईंचे गुडघे असे की त्या दुधासाठी फ्रिजपर्यंत उतरल्या तरी पायरीपायरीला बसून वर यायच्या. हे सगळं उचलून नेता येण्यासारखं नव्हतं, आणि सोडून जाण्यासारखं तर मुळीच नव्हतं. तिथली हवा छान असेलही. बाईंना इथल्याच हवेची सवय होती.

“आणि बटाटा?” बाईंनी विचारलं.

“बटाटा ‘इतर’मध्ये. कांदेसाहेबांकडे.”

बाईंना बदलीपेक्षा हा घाव खोल बसला. ‘इतर’मध्ये काय होतं? पिसं, घोड्याचे केस, झाडू आणि फुटक्या काचा. त्यांच्या पंगतीला बटाटा!

बाई टेबलापाशी परतल्या तर कांदेसाहेब त्यांच्या खिडकीला मोजपट्टी लावून उभे. कांदा शाखेचे प्रमुख, ‘इतर’ही त्यांच्याच गळ्यात. त्यांचा आलेख हृदयविकाराच्या रोग्यासारखा, वर्षभर वरखाली उड्या मारणारा, त्यामुळे त्यांना कशाची ददात नव्हती. होती ती एका खिडकीची. त्यांचं टेबल जिन्याखाली होतं आणि दिवसाही दिवा लावून बसावं लागे.

“पडदा शिवायला टाकायचाय,” ते म्हणाले. “घाई नाही. वर्ष संपू दे आरामात.”

“पडद्याचा रंग कुठला घेताय?”

“अजून ठरवलं नाही.”

“मग ठरवूच नका,” असं म्हणून बाईंनी खिडकी धाडकन लावून घेतली. मोजपट्टीचं टोक तिच्यात अडकलं ते अडकलंच.

त्या संध्याकाळी घरात सभा भरली. मास्तरांनी आधी जगाच्या नकाशावर बटाटा कुठून कुठे गेला ते समजावून सांगितलं. ते संपेपर्यंत आमटी निवली. मग सासूबाई म्हणाल्या, “अरे, ते जगाचं राहू दे. हिला किती बटाटे बाहेर धाडायचे आहेत?”

“शून्य नको, एवढंच,” बाई म्हणाल्या.

“मग एक पोतं माझ्या लेकीला पाठवा की! बोटीने जातात ना लोक तिकडे? बटाटे काय पाय मोडून बसलेत?”

नणंद शेजारच्या देशात राहत होती. समुद्रापलीकडे, पण शेजारच. तिथे तिची खाणावळ होती, आणि प्रत्येक पत्रात ती लिहायची की इथले बटाटे म्हणजे नुसतं पाणी. बाईंनी सासूबाईंकडे अशा नजरेने पाहिलं की लग्न झाल्यापासून तसं त्यांनी कधी पाहिलं नसेल.

अडचण एकच होती. सरकारी नोकराने व्यापार करायचा नाही. बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. नोकराने स्वतः करायचा नाही, नोकराच्या पतीने वा पत्नीने करायचा नाही, मुलांनी करायचा नाही. पुस्तक लिहिणाऱ्याने सगळ्यांचा विचार केला होता. सासूचा केला नव्हता.

“बघा,” सासूबाई म्हणाल्या, “सरकारलासुद्धा सासूच्या वाटेला जायची छाती झाली नाही.”

अशा रीतीने सासूबाई निर्यातदार झाल्या.

परवाना कचेरीत त्यांना खुर्ची देण्यात आली. पलीकडच्या कारकुनाने अर्जावरून नजर न काढता विचारलं, “धंद्याचा अनुभव?”

“दोन सुनांशी जमवून घेतलंय.”

“मालाचा अनुभव विचारतोय, आजी.”

“सोलून सोलून अंगठा झिजलाय. दाखवू?”

कारकुनाने ‘अनुभवी’ असं लिहिलं.

ही बातमी इमारतीत पसरायला फ्रिज पुरेसा होता. दूध काढायला आलेला प्रत्येक जण ती घेऊनच वर गेला. आणि मग सल्ले सुरू झाले. जकातकाका तर या दिवसाचीच वाट पाहत निवृत्त झाले असावेत. “वहिनी, गोदीवर एक लक्षात ठेवा. विचारतील तेवढंच सांगायचं. आणि विचारलं नाही तर तेही सांगायचं नाही.” खालच्या मजल्यावरची शिंपीण म्हणाली की पोत्याला अस्तर लावा, समुद्राच्या हवेने बटाट्याला सर्दी होते. वाणी म्हणाला, बटाटे कशाला, साबण पाठवा, टिकतो. काका उंटावरचे शहाणे खरे, पण निदान ते आमच्याच उंटावर होते. वाण्याचा उंटच वेगळा.

परवाना हातात आला त्या दिवशी बाई कार्यालयात गुणगुणत काम करत होत्या. कांदेसाहेबांनी तो कागद हातात घेतला, वाचला, आणि असे गोड हसले की बाईंचं गुणगुणणं थांबलं.

“एक पोतं? पन्नास किलो?”

“हो. निर्यात ती निर्यात.”

“बाई, आपलं पुस्तक टनांत असतं.” त्यांनी वार्षिक पुस्तक उघडलं आणि पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे बारीक टाइपात छापलं होतं: ‘प्रत्येक रकाना पूर्ण टनांत लिहावा. अर्ध्या टनाखालील वजन शून्य धरावे. अर्धा टन व त्यावरील, एक.’ “तळटीप कोणी लिहिली आहे, आठवतंय?”

आठवत होतं. नोकरीला लागल्या त्या वर्षी बाईंनीच लिहिली होती ती, आणि तिच्यावर मोठ्या साहेबांच्या आधीच्या साहेबांनी ‘सुबक’ असा शेरा मारला होता. इतकी वर्षं हजारो टनांच्या बेरजा केल्यावर माणसाला पोतं म्हणजे किती हेच कळेनासं होतं. शिंप्याला सुईचं भोक दिसू नये तसं झालं.

अर्धा टन म्हणजे दहा पोती.

शिलाई मशिनसाठी बाजूला काढलेले पैसे मंडईत गेले, नणंदेला तार गेली, आणि एका सकाळी दहा पोती हातगाड्यांवरून इमारतीसमोर येऊन थांबली. हमालांनी पहिलं पोतं खांद्यावर घेतलं, दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवलं, फ्रिजकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि पोतं खाली आणलं. दहाही पोती अंगणात मांडून ते निघून गेले. जाताना त्यांनी काकांबद्दल जे उद्गार काढले ते इथे देण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी वनस्पती निरीक्षक आले. बटाट्यांना रोग नाही असा दाखला त्यांनी द्यायचा होता. त्यांनी एकेक बटाटा उचलून उजेडात धरला, उलटा केला, डोळ्यांत पाहिलं. जीभ दाखव म्हणायचंच काय ते बाकी होतं.

“माल निरोगी आहे,” ते म्हणाले. “पण माती चालणार नाही. एका देशाची माती दुसऱ्या देशात जाता कामा नये. कणभरसुद्धा.”

“धुऊ की,” मास्तर म्हणाले.

“बटाट्याच्या डोळ्यातलीसुद्धा,” निरीक्षक म्हणाले.

अर्धा टन बटाटे डोळ्यांसकट धुणं म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. अंगणातल्या नळाखाली घंगाळं, बादल्या, एक जुना पाळणासुद्धा लागला. बाईंनी दोन दिवस रजा काढली. मास्तर दात घासायचा ब्रश घेऊन बसले. एकेक बटाटा घासताना ते त्याच्यावरच्या मातीवरून ती कुठल्या खोऱ्यातली असावी हे सांगत, त्यामुळे त्यांचे चार होईपर्यंत बाईंचे चाळीस होत. शिंपीण आली. वाण्याची बायको आली. “आम्ही नुसतं बघायला आलो,” म्हणत ज्या बसल्या त्या पदर खोचून कामाला लागल्या. सासूबाई खुर्चीवर बसून धुतलेला माल तपासत आणि दर दहातला एक परत करत. “हा पुन्हा धुवा. माझ्या लेकीच्या घरी जायचाय.”

“आई, तो खाणावळीत शिजणार आहे,” बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या.

“म्हणून काय तोंड न धुता जाईल?”

बटाटे गच्चीवर वाळले, पोत्यांत भरले, वाण्याच्या काट्यावर चढले. आणि वाणी मान हलवू लागला. दहा पोत्यांचं वजन पाचशेच्या खाली आलं होतं. जी माती घासून घासून काढली तिचंही वजन होतं, आणि ते बाईंनी बटाट्याच्या भावाने विकत घेतलं होतं. आता चारशे नव्वद किलो राहिले होते. म्हणजे पुस्तकात शून्य.

बाई अंगणातल्या पायरीवर बसल्या. हाताची बोटं पाण्याने पांढरी पडली होती. लेक शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “आई, सीमेवर शाळा असते का गं?” बाईंनी ओल्या हातांनी तिची वेणी सारखी केली.

तेवढ्यात शिंपीण तिच्या घरात गेली आणि ओच्यात बटाटे घेऊन आली. “रात्रीच्या भाजीला होते. आज आमटीवर भागवू.” मग वाण्याने उसासा टाकून दुकानातली टोपली आणली. मग वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली एक पिशवी खाली उतरली, तिच्या मागून दुसरी. ज्यांच्या घरात चार होते त्यांनी चार दिले. त्या रात्री इमारतीत कोणाच्याही घरी बटाटा शिजला नाही. सगळं धुऊन पुन्हा काट्यावर घातलं तेव्हा वजन भरलं पाचशे पंधरा किलो.

जकातकाकांनीही मोठी पिशवी आणली होती. निरीक्षकांनी दाखला देताना ती बाजूला काढली. “ही रताळी आहेत.”

“लांबचे भाऊबंदच की,” काका म्हणाले. “आमच्यात संपले होते बटाटे.”

“रताळं ‘इतर’मध्ये येतं, काका,” बाई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

गोदीवर पोती चढली. कागदावर शिक्का बसला: निर्यात, बटाटा, पाचशे पंधरा किलो. पुस्तकी भाषेत एक टन. बाईंनी भिंतीवरच्या आलेखात निळ्या शाईचा ठिपका दिला. टाक शाईत जरा जास्तच बुडवल्यामुळे तो मोठाच पडला. सासूबाईंनी तर घरात “आमच्या धंद्यात” असं म्हणून वाक्यं सुरू करायचा परिपाठ ठेवला. कांदेसाहेबांनी पडद्याचं कापड परत केलं, असं शिंपिणीकडून कळलं.

आणि इथेच गोष्ट संपली असती तर किती छान झालं असतं. पण बोट निघाली त्याच दिवशी समुद्रावर धुकं उतरलं. बोट बंदराच्या तोंडाशी नांगर टाकून कित्येक दिवस बसून राहिली. धुकं दाट, हवा दमट, पोती उबदार. बटाट्याला आणखी काय लागतं?

नणंदेची तार आली. ‘बटाट्यांना मोड. इथले अधिकारी उतरवू देत नाहीत. माल परत येतोय. फार वाईट वाटलं. आईची तब्येत?’

तारेची बातमी कार्यालयात पोचली तेव्हा कांदेसाहेब स्वतः चालत बाईंच्या टेबलापाशी आले. येताना शीळ घालत होते.

“परत आलेला माल आयातीच्या रकान्यात लिहायचा असतो, नाही का?”

“हो,” बाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं, निदान रकान्यांच्या बाबतीत.

“निर्यात एक टन. आयात एक टन. निव्वळ...” त्यांनी हवेत बोटाने गोल काढला. “मात्र आयात कुठल्या देशाकडून झाली म्हणून लिहिणार? तिकडे तर ते उतरलेच नाहीत.”

“आपल्याच देशाकडून,” बाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

“वा! आपणच आपल्याला बटाटे विकले. एवढा स्वावलंबी देश जगात दुसरा नसेल.”

घरी मास्तरांनी नकाशा गुंडाळून ठेवला. बाईंनी ट्रंक काढली आणि स्वेटर मोजायला घेतले. सीमेवर थंडी असते. सासूबाई तेवढ्या उठल्या आणि चपला शोधू लागल्या.

“कुठे निघालात?”

“गोदीवर. माल माझ्या नावावर आहे. परत आलेल्या लेकराला घ्यायला जायचं असतं, सूनबाई. मोड आले म्हणून टाकायचं नसतं.”

गोदीवर सगळेच जमले. बाई, मास्तर, सासूबाई, तज्ज्ञ म्हणून जकातकाका, आणि आकडा डोळ्यांनी पाहून घ्यावा म्हणून कांदेसाहेब. पोती उघडली तर आत बटाटे कमी आणि बगिचा जास्त. पांढरे-जांभळे मोड एकमेकांत गुंतलेले. तोलाऱ्याने दोन-दोन पोती काट्यावर घेतली आणि बेरीज सांगितली: पाचशे दोन किलो.

बाईंनी डोळे मिटले. पाचशे दोन. म्हणजे एक टन. कांदेसाहेबांनी टाळी वाजवायला हात उचललेच होते, इतक्यात वनस्पती निरीक्षक पुढे आले. तेच ते, डोळ्यांत बघणारे.

“हा माल बटाटा म्हणून आत येणार नाही,” ते म्हणाले. “एवढे मोड म्हणजे हे बियाणं झालं. सरकारने स्वतःचं बियाणं काढल्यापासून ते वेगळ्या खात्यात लिहितात. शेतकी खात्याचं पुस्तक.”

कांदेसाहेबांचा चेहरा उतरला. बियाणं म्हणून दुसऱ्या पुस्तकात गेलं तर बाईंच्या आयातीच्या रकान्यात काहीच येणार नव्हतं. खिडकी हातची जात होती.

“नाही नाही!” ते ओरडले. “हे बटाटेच आहेत! हे बटाटे म्हणूनच गेले आणि बटाटे म्हणूनच आले पाहिजेत!”

“मग मोड काढा,” निरीक्षक म्हणाले. “सगळे. मग बटाटा लिहितो.”

“कोण काढणार?” तोलाऱ्याने जांभई देत विचारलं.

“मी काढतो,” कांदेसाहेब म्हणाले.

आणि त्यांनी कोट काढला, बाह्या सारल्या, पोत्यावर बैठक मारली आणि मोड खुडायला सुरुवात केली. सासूबाई शेजारच्या पोत्यावर बसल्या. “असं ओरबाडू नका हो. बुडापासून धरा. हां, हातात कला आहे तुमच्या! घरी बायको कामं करून घेते वाटतं?” कांदेसाहेब घामाघूम झाले, पण हटले नाहीत. एक मोड राहू दिला नाही त्यांनी. बाई आधी नुसत्या बघत उभ्या होत्या. मग त्यांची नजर मोडांच्या वाढणाऱ्या ढिगावर गेली, तिथून काट्यावर आली, आणि तिथून पुन्हा ढिगावर. इतकी वर्षं बेरजा केलेल्या बाईला आता वजाबाकी दिसू लागली होती. त्यांनी मास्तरांचा हात घट्ट धरला. मास्तर काही बोलणार तोच त्या कुजबुजल्या, “अहो, आत्ता भूगोल नको.”

पोती पुन्हा काट्यावर गेली. तोलाऱ्याने बेरीज केली, पुन्हा केली.

“चारशे शहाण्णव.”

निरीक्षकांनी शिक्का मारला. आयात, बटाटा, चारशे शहाण्णव किलो. कांदेसाहेब विजयाने कागद हातात घेऊन वाचू लागले. वाचता वाचता त्यांचे ओठ थांबले. बोटं हिरवी-जांभळी झाली होती, केसांत एक मोड अडकला होता.

“अर्ध्या टनाखालील...” ते पुटपुटले.

“...वजन शून्य धरावे,” बाईंनी तळटीप पूर्ण केली. “कांदेसाहेब, चहा घेणार?”

मोठ्या साहेबांनी दोन्ही कागद बराच वेळ पाहिले. गेला एक टन, आला शून्य टन, निव्वळ एक टन. “बाई, हे खरं आहे का?” त्यांनी विचारलं.

“नियमाप्रमाणे आहे, साहेब. खरं वेगळं. ते सांगायला सकाळ जाईल.”

साहेबांनी आणखी एक चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. मग ते इतका वेळ हसले की शिपाई दोनदा डोकावून गेला. “बरं,” डोळे पुसत ते म्हणाले. “नियम तर नियम. पण पुढच्या वर्षी हा आकडा मला खराखुरा दिसला पाहिजे. नाहीतर सीमा आहेच.” आणि त्यांनी सही केली.

खराखुरा आकडा आला तो असा. वार्षिक पुस्तक छापून निघालं, त्यातला तो एकटा ‘१’ एका खोऱ्यातल्या बटाटा उत्पादकांच्या संस्थेने वाचला, आणि त्यांचा माणूस विचारत विचारत बाईंच्या टेबलाशी आला. “बाई, बाहेर गिऱ्हाईक आहे म्हणजे? कोण घेतं?” बाईंनी नणंदेचा पत्ता दिला. नणंदेने आपल्या गल्लीतल्या सगळ्या खाणावळवाल्यांना गोळा केलं. पुढच्या हंगामात धुक्याआधी, मोडाआधी, दोन मालमोटारी भरून माल गोदीवर गेला. तिथून निळी रेघ जी चढायला लागली ती लवकर खाली बघेना. आलेख लोक पिकांवरून काढतात. इथे पीक आलेखावरून निघालं.

परत आलेल्या बटाट्यांतले काही ज्याचे त्याला परत केले. उरलेले इमारतीमागच्या ओसाड जागेत लावले, कारण मोड खुडले तरी ते पुन्हा फुटायचे थांबेनात. पहिलं पीक आलं तेव्हा प्रत्येक घरात टोपलीभर पोचलं. जकातकाकांनी आपल्या टोपलीत रताळी का नाहीत म्हणून तक्रार केली.

सासूबाईंना निर्यातदारांच्या संमेलनाचं निमंत्रण पुढे दरवर्षी येत राहिलं. एकदा त्या गेल्याही. तिथे त्यांनी चार वाक्यांचं भाषण केलं, त्यातली तीन सुनेबद्दल होती आणि चक्क चांगली होती. हे बाईंना नणंदेच्या पत्रातून कळलं. घरी सासूबाईंनी अवाक्षर काढलं नाही. मास्तर निवृत्त होईपर्यंत मुलांना बटाट्याचा धडा शिकवताना गोदीवरचा दिवस सांगत, आणि परीक्षेत मुलं तोच लिहीत. जकातकाका गेले, त्यांचा फ्रिज मात्र वळणावरच राहिला. इमारत रंगवताना रंगाऱ्याने त्यालाही भिंतीचा रंग दिला. लेक मोठी झाली आणि गोदीवर नोकरीला लागली, काट्याच्या खात्यात.

कांदेसाहेबांनी दुसऱ्याच वर्षी स्वतःहून सीमेवरची बदली मागून घेतली. तिथे प्रत्येक टेबलाला खिडकी असते, असं त्यांनी कोणाकडून ऐकलं होतं आणि ते खरं निघालं. दर हंगामात तिकडून बाईंना कांद्याचं एक पोतं येई. त्याच्या तोंडाशी चिठ्ठी असे: ‘धुतलेले नाहीत.’

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांच्या जागी आलेली मुलगी आलेख समजून घेत उभी होती. निळी रेघ कधीच कपाटाच्या वर गेली होती, तिच्यासाठी वरून कागद चिकटवावा लागला होता. मुलीने पार खाली, जिथून चढ सुरू होई त्या जाड ठिपक्यावर बोट ठेवलं.

“बाई, या वर्षी नुसता एकच टन? आकड्याची चूक असेल का हो? खोडू?”

“खोडू नकोस,” बाई पिशवी आवरता आवरता म्हणाल्या. “बाकीचे सगळे आकडे मी नुसते लिहिलेत. तो एक मी धुतलेला आहे.”